बादलीतली रेघ

१९ जानेवारी

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न वाचताच फाडणार असशील, तर एवढी ओळ तरी वाच. काकू व्याली.

आता फाडवतंय का बघ.

मागच्या खोलीतल्या तिच्या सिमेंटच्या गुहेत तू बसवून घेतलेला मायक्रोफोन अजून चालतो. सकाळी नेहमीसारखा कान लावला तर नुसती घरघर. मला वाटलं, वायर गेली. फिटरला बोलावलं. तो बराच वेळ ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, वायर ठणठणीत आहे. आत कुणीतरी दूध पितंय." शेजारच्या खोलीत शिवणयंत्र चालावं तसा आवाज आहे. एकाहून जास्त असणार. मुठीत मावतील एवढी, डोळे मिटलेली, आणि आपली अस्वलीण त्यांच्याभोवती वेटोळं करून पडलेली. आम्ही दोघं खुळ्यासारखे हसत बसलो.

कसं झालं म्हणून विचारू नकोस. काका-काकू उन्हाळाभर एकाच अंगणात असतात, दुसरं अंगण या प्राणिसंग्रहालयात नाही आणि होणारही नाही. दर उन्हाळ्यात त्यांचं जमतं आणि दर शरदात तू तिची बादली आवळायचीस. तुझा तो धडा मला पाठ आहे. अस्वलिणीचा गर्भ उन्हाळ्यात धरतो, टाचणीच्या डोक्याएवढा होतो आणि थांबतो. पोटात नुसता तरंगत राहतो. थंडीच्या तोंडावर तिचं अंग हिशेब करतं, चरबी पुरेल का. पुरणार असेल तर गर्भ रुजतो. नाहीतर विरून जातो, तिला कळतही नाही. काकाला कापून खच्ची करता येत नाही, कारण भूल दिली की त्याचा श्वास अडकतो. आधीच्या मादीला तू कातडीखाली गर्भ रोखणाऱ्या औषधाची नळी घातलीस, तर ती गर्भाशय सडून गेली. म्हणून बादली. म्हणून तू त्या निळ्या बादलीत आतून लाल नेलपॉलिशनं रेघ मारलीस. रेघेपर्यंत भरायची, वर एक सफरचंद नाही.

तिला कळत नाही म्हणे. तू दवाखान्यात असायचीस. झडपेसमोर मी असायचे. सगळा शरद ती कुंपणाच्या कडेकडेनं चालायची, गवतात पायवाट पडेपर्यंत. थाळी चाटून झाली की ती पंजानं उचलून झडपेवर आपटायची आणि माझ्याकडे बघायची. अशी किती वर्षं.

तू नोकरी सोडून गेलीस आणि मी सुरी घेऊन ती रेघ खरवडली. रोज काठोकाठ बादली भरली. भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये, हे आईनं तुलाही शिकवलं होतं, मलाही. तू विसरलीस.

साहेबांना मी सांगितलंय की नव्या डॉक्टरनं बादलीबद्दल काहीच सूचना दिली नव्हती. यात खोटं काही नाही. त्याला बादली माहीतच नाही.

आई विचारते, धाकटी कधी येणार. मी सांगते, कामात आहे.

ताई

८ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. एवढं मोठं कार्ड आणि त्यावर एकच शब्द. "किती?" शब्द वाचवून काय करणार आहेस?

दोन.

आता तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मी इथे बसून सांगते. ही दोन मोठी झाली की जाणार कुठे? जाताना खाद्याच्या खोलीत तू मला म्हणाली होतीस, "ताई, तू माया करतेस आणि निस्तरायला दुसऱ्यांना ठेवतेस." मी तेव्हा काही बोलले नाही, कारण माझ्या हातात माशांची टोपली होती. आता बोलते. यातलं दुसऱ्यानं काही निस्तरायचं नाही. मी जागा शोधीन. दीड वर्ष तर ती आईच्या अंगाखाली राहतील, तेवढ्यात आकाशही शोधून होतं.

आणि खरं सांगायचं तर शोधायला फार लांब जायला नको. तू जिथे आहेस तिथे कुंपण घातलेलं अख्खं जंगल आहे, झरा आहे, आणि त्यात सगळी मिळून मूठभर अस्वलं. मी भीक मागत नाही. नुसतं नजरेला आणून देते.

ताई

३ मे

धाकटे,

बाहेर आली!

आधी काकू आली. अंगावरची सगळी चरबी पिल्लांनी पिऊन टाकलेली, कातडी ढगळ कोटासारखी लोंबत होती. उंबऱ्यावर उभी राहून तिनं हवा हुंगली, मग मागे वळून घशातल्या घशात काहीतरी म्हणाली, आणि एक डोकं बाहेर आलं. मग दुसरं, पहिल्याला ढकलत. पहिला तोंडावर आपटला. तो नर, आडदांड, त्याला आम्ही 'मोठा' म्हणतो. ढकलणारी ती 'बारकी', तिच्या गळ्याभोवती पांढरा पट्टा आहे आणि अंगात मस्ती ठासून भरलेली. नावं ठेवू नयेत असा तुझा नियम होता, ठाऊक आहे मला. ही नावं नाहीत. मोठ्याला मोठा आणि बारकीला बारकी म्हणणं याला नाव ठेवणं म्हणत नाहीत.

लोकांची झुंबड उडालीये. साहेब पिल्लांपेक्षा जास्त उड्या मारतात. परवा मला सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुमच्या हाताला गुण आहे." नवा डॉक्टर शेजारीच उभा होता. बिचारा वाईट नाही, पण भित्रा आहे. मांजराला सुई द्यायची तरी त्याच्या कपाळावर घाम.

काका अर्थातच पलीकडच्या खोलीत बंद आहे. त्याला बाहेर सोडला तर तो पहिलं काय करील हे तुझ्याकडूनच शिकले. पिल्लं मारली की मादी आठवडाभरात पुन्हा माजावर येते आणि पुढची पिल्लं त्याची. ही त्याचीच आहेत हे त्याला कोण समजावणार? पुरुषाची जात, पुरावा मागून मोकळी. तेव्हा पिल्लं इथे असेपर्यंत त्याला चार भिंती आणि एक खिडकी. मला त्याचं वाईट वाटतं. पण दोघांचं एकदम भलं करता येईल असं अंगणच नाही, तर मी काय करू?

मी पिल्लांना काठी शिकवायला घेतलीये. तीच, टोकाला लाल चेंडू असलेली. चेंडू जिथे लावीन तिथे येऊन खांदा जाळीला टेकवायचा, टोचलं तरी हलायचं नाही, की चमचाभर मध. काकूनं इतक्या वर्षांत मला कधी खांदा दिला नाही. मध खाते आणि वळून चालू लागते, जशी काही मी तिची नोकर. पिल्लं मात्र हुशार निघाली. बारकीनं पहिल्याच दिवशी चेंडू चावला, दुसऱ्या दिवशी चाटला आणि तिसऱ्या दिवशी तिला सगळं समजलं.

ताई

२२ सप्टेंबर

धाकटे,

तू उत्तर देत नाहीस. नको देऊ. पण वाचतेस हे मला माहीत आहे. वाचायचं नसतं तर लहानपणी करायचीस तसं परत पाठवलं असतंस, वर "नको" लिहून.

माझ्या लेकरांची प्रगती सांगते. दोघंही आता काठीला जाळीशी येतात, खांदा टेकवतात आणि सुई टोचली तरी चमचा चाटत राहतात. नव्या डॉक्टरनं दोन्ही लशी अशा दिल्या, ना बंदूक, ना भूल. त्याला स्वतःला खरं वाटेना. मी पाठवते त्या प्रत्येक पत्रात हे सगळ्यात वर लिहिते. "हातानं इंजेक्शन घेतात. स्वभाव शांत. माणसावर विश्वास." अशी अस्वलं कुठल्या प्राणिसंग्रहालयाला नको असतील?

सगळ्यांनाच, असं दिसतंय. जिथे जिथे लिहिलं तिथून उत्तर आलं, आणि सगळी उत्तरं एकाच आईची लेकरं वाटावीत अशी. कौतुक आहे, जागा नाही. तपकिरी अस्वलं सगळीकडे उतू चालली आहेत. एकानं तर उलट मलाच विचारलं, तुमच्याकडे एक सामावेल का! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

काका डोलायला लागलाय. खोलीत उभा राहून डावीकडे, उजवीकडे, तासन्‌तास. गजावर दात घासून घासून त्याचा एक सुळा तुटला. साहेब म्हणतात, वसंतापर्यंत काहीतरी ठरवायला हवं. "ठरवायला" हा शब्द त्यांनी ज्या तऱ्हेनं उच्चारला ती मला आवडली नाही.

झाडं लाल झाली की तुझी आठवण होते. एकदा आपण इथेच बाकावर बसलो होतो आणि मी म्हटलं होतं, "उपाशी ठेवून पिल्लं टाळायची, ही कुठली डॉक्टरकी?" तू तेव्हा जंगलातली अस्वलं मोजून नुकतीच परतली होतीस. म्हणालीस, "ताई, ज्या वर्षी फळं धरत नाहीत त्या वर्षी पिल्लं होत नाहीत. जंगलात ही बादली झाडंच धरतात." याचं उत्तर मला आता सुचलंय. झाडांपुढे ती थाळी घेऊन उभी तर राहत नाही ना.

नजरेला आणून देणं वगैरे सोडते. सरळ विचारते. यांना घेशील का?

ताई

१४ डिसेंबर

धाकटे,

चांगलं चार पानी पत्र पाठवलंस. आणि त्या चार पानांत मिळून "नाही".

पटण्यासारखं लिहिलंयस, यात शंका नाही. तुझ्याकडचं प्रत्येक अस्वल साखळीतून सुटून आलंय. माझी दोन घेतलीस तर रांगेतली दोन साखळीतच राहतील. त्या गॅरेजमधल्या मादीबद्दल वाचलं. नाकात कडी, उभं राहता येत नाही एवढा पिंजरा. तिला न आणता माझ्या मधखाऊंना कसं आणू, असं विचारतेस. आणि वर आमच्या साहेबांबद्दलही लिहिलंस, की एकदा जागा आहे म्हणून कळलं की ते दर दोन वर्षांनी पिल्लं काढून गर्दी जमवतील आणि मोठी झाली की तुझ्या दारात आणून सोडतील.

बरोबर आहे. तू नेहमी बरोबरच असतेस, तोच तर ताप आहे. शाळेत असल्यापासून. मी भांडण करायचे आणि तू मुद्दा सांगायचीस.

पण एक सांग, ती मादी तू पाहिलीस म्हणून तिची तुला दया. माझी दोन तू पाहिली नाहीस म्हणून ती आकडा. एकदा येऊन बघ. बारकी बर्फात कशी घसरते ते बघ. मुद्दाम वर चढते, पोटावर पडून खाली येते आणि काकूच्या अंगावर जाऊन आदळते. काकू तिला एक थोबाडीत देते आणि लगेच चाटते. आपली आई अगदी अशीच होती.

राग आलाय मला. लिहून झाल्यावरही गेलेला नाही. हे पत्र मी टाकू नये, पण टाकणार आहे.

ताई

२७ फेब्रुवारी

धाकटे,

साहेबांनी ठरवलं. पिल्लं एप्रिलमध्ये. मी कुठला शब्द गाळला ते तुला कळेल.

त्यांच्या खोलीत आम्ही तिघं होतो, मी, साहेब आणि नवा डॉक्टर. साहेब वाईट माणूस नाहीत गं. त्यांनीही फोन केले होते, माझ्यासमोर केले होते. मोठा आता आईच्या अंगावर धावून जातो, दोन वेळा रक्त निघालंय. काका तर माणसात, म्हणजे अस्वलात, राहिलेला नाही. मी म्हटलं, भिंत बांधा, अंगणाचे दोन भाग करा. साहेब म्हणाले, "बाई, दोन भाग केले की दोन तुरुंग होतील. आणि पुढची पंचवीस वर्षं. तुमचं मन काय सांगतं?" मी खिडकीतून बाहेर बघत बसले. बाहेर कोणीतरी लहान मूल बारकीसारखं घसरत होतं.

मग साहेब डॉक्टरकडे वळून म्हणाले, "तुम्ही कराल ना?" आणि तो "हो" म्हणाला.

मागच्या महिन्यात त्यानं एक म्हातारी हरणी मारली, पाय मोडला होता तिचा. बंदुकीची पहिली सुई मानेऐवजी पोटात लागली. दुसरी मांडीत. ती तशीच फरपटत कुंपणाशी गेली आणि तिथे आम्ही तिला चौघांनी धरलं, तेव्हा कुठे तिसरी नीट लागली. तो नंतर मागे जाऊन ओकला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

तू असतानाची माकडीण आठवते. पोटात गाठ होती ती. तू तिला मांडीवर घेतलं होतंस, ती तुझ्या कोटाचं बटण तोंडात धरून होती, आणि बटण सुटलं तेव्हा आम्हाला कळलं की झालं.

म्हणून लिहिते. मी जागा मागत नाही. तुझी जागा त्या गॅरेजवालीला दे, मी खरंच म्हणते, मनात काही ठेवून नाही. तू ये. हे तू कर. या कामाचा वीट येऊन तू इथून गेलीस हे मला ठाऊक आहे, बादलीची रेघही तू त्यासाठीच मारली होतीस, की ही वेळच यायला नको. ती मी खरवडली. आणि आता तुलाच बोलावते. माझी हिंमत बघ.

नाही म्हणालीस तरी मी काही बोलणार नाही.

ताई

२३ एप्रिल

धाकटे,

बस वेळेवर मिळाली असेल. तुझा मफलर आमच्या दाराच्या खुंटीवर राहिलाय. आईनं तो उशाशी घेतलाय. तू आलीस तेव्हा तिनं तुला ओळखलं, "वाळलीस" म्हणाली, आणि तू तिच्यासमोर दोन वाट्या सूप प्यायलीस. ती अजून सगळ्यांना तेच सांगते.

तू होतीस, तरी मी हे लिहिते, कारण तू सुईकडे बघत होतीस आणि मी त्यांच्याकडे. तुझ्या वाट्याचं तुला ठाऊक आहे. माझ्या वाट्याचं कुणाला तरी सांगायला हवं.

काकूला अंगणात काढून दार लावलं तेव्हाच ती आत यायचं असल्यासारखी दाराला अंग घासायला लागली होती. तू म्हणालीस, "ताई, काठी तूच धर. मला ती ओळखत नाहीत." मी मोठ्याला हाक मारली. तो आला. त्याला वेळ लागला, कारण तो झोपेतून उठला होता. चेंडू पाहिला, खांदा टेकवला, जीभ बाहेर काढली. तू टोचलंस ते त्याला कळलंच नाही, इतका तुझा हात हलका. त्यानं चमचा चाटला आणि दुसऱ्या चमच्यासाठी थांबला. दुसरा चमचा द्यायचा नसतो, सवय बिघडते. मी दिला. तिसराही दिला. तिसरा निम्मा जिभेवर राहिला आणि तो बसला, मग डोकं पंजांवर ठेवलं. नंतरची सुई तू आत जाऊन दिलीस.

बारकीला हाक मारावी लागली नाही. डब्यावर चमच्याचा आवाज ऐकून ती शेजारच्या खोलीतून धावतच आली आणि घाईत उलटी बाजू टेकवली. तू सुई धरून थांबलीस. मी चेंडू होता तिथेच धरून ठेवला. मग तिचं तिलाच कळलं. तिनं चेंडूकडे पाहिलं, वळली आणि बरोबर बाजू जाळीला लावली. अगदी दाबून लावली. तू म्हणालीस, "शहाणी आहे गं ही."

मीच शिकवलं होतं ना. जागा मिळावी म्हणून शिकवलं होतं.

तू मला शिव्या देशील असं मला वाटलं होतं. मी तयार होऊन बसले होते, उत्तरंसुद्धा ठरवून ठेवली होती. तू हात धुवायला खाद्याच्या खोलीत गेलीस, बऱ्याच वेळानं आलीस, चहा घेतलास, माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि बसला निघालीस. एक शब्द बोलली असतीस तर मला भांडता आलं असतं.

काकूला संध्याकाळी आत सोडलं. तिनं कोपरा न्‌ कोपरा हुंगला, पेंढा उपसला, मग गुहेत शिरून बाहेर आली, पुन्हा शिरली. घशातला तो आवाज काढत होती, पहिल्या दिवशी उंबऱ्यावर काढला तो. नंतर झडपेशी येऊन तिनं माझ्या एप्रनचा वास घेतला. मी तिथेच उभी राहिले. पळून जाणं बरं दिसलं नसतं.

ताई

१६ जून

धाकटे,

काकू हाका मारायची थांबली आणि आठवडा झाला नाही तोच माजावर आली.

काय म्हणायचं याला? मला तिचा रागच आला आधी. म्हटलं, एवढ्यात? मग स्वतःचीच लाज वाटली. पिल्लं काकानं मारली काय आणि आपण मारली काय, तिच्या अंगाला सारखंच. अंगणात पिल्लू नाही, म्हणजे पुन्हा सुरुवात.

काकाला सोडला. वर्षाहून जास्त तो त्या खोलीत होता. दार उघडलं तरी उंबऱ्यावरच उभा, गवतावर पाय ठेवीना. तिथेच डोलत राहिला. शेवटी काकूच आली, त्याच्या तोंडाला तोंड लावलं आणि वळून चालायला लागली, तेव्हा तो मागोमाग गेला. चार दिवसांनी जमलं. कठड्याशी माणसांची गर्दी, कुणी हसतंय, कुणी फोटो काढतंय, एका बाईनं मुलीचे डोळे झाकलेले. साहेब माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि निघून गेले. त्याला पुन्हा बंद करा असं मी म्हणू शकले नाही, त्यांनाही म्हणता आलं नसतं. तो आता पुन्हा बंद झाला तर मरेल.

आणि तू! चोरून जाऊन माझ्या बादलीत रेघ मारून आलीस. हात धुवायला गेली होतीस म्हणे! एप्रिलपासून ती बादली मी हातात घेतली नव्हती, मला काल दिसली, घासताना. तशीच लाल, तिथेच. पर्समध्ये नेलपॉलिश घेऊन आली होतीस, म्हणजे घरून निघतानाच ठरवलं होतंस. एका हातात सुई आणि एका हातात हे. तोंडानं सांगायला काय झालं होतं? मी धाकटी आहे का तुझी?

मी सुरी घेतली होती. घासणीही घेतली होती. मग आई आठवली, दोन वाट्या सूप सांगत फिरणारी, आणि बारकी आठवली, आपण होऊन बाजू बदलणारी. बादली पालथी घालून ठेवली.

ताई

९ ऑक्टोबर

धाकटे,

त्या गॅरेजवालीचा फोटो मिळाला. गवतात बसलीये, नाकाची जखम भरलीये, पण अजून पिंजऱ्याच्या मापानंच वळते असं लिहिलंस. वळू दे. शिकेल.

इथे झाडं लाल झालीयेत. तीन आठवडे मी बादली रेघेपर्यंत भरते. वर एक सफरचंद नाही. फिटरनं परवा काकूसाठी नासपती आणल्या होत्या, त्या मी घरी नेल्या. तो म्हणाला, "बाई, बदललात तुम्ही." मी म्हटलं, "तुझं काम कर."

ती पुन्हा कुंपणाच्या कडेनं चालते. पायवाट पहिल्या पायवाटेवरच पडली. थाळी चाटून झाली की आपटते. मी नजर देत नव्हते, दुसरीकडे बघून झडप लावायचे आणि यायचे. मला वाटलं, असेच दिवस निघतील. थंडी येईल, ती गुहेत जाईल आणि मायक्रोफोनमध्ये तिच्या एकटीचा श्वास ऐकू येईल.

आज तिनं थाळी आपटली नाही. जाळीशी आली, पिल्लं यायची त्याच जागी. काठी माझ्या हातात नव्हती, ती मी एप्रिलमध्येच माळ्यावर टाकली. मध नव्हता. मी हाकही मारली नव्हती. इतक्या वर्षांत जिनं मला कधी खांदा दिला नाही, ती वळली आणि तिनं खांदा जाळीला टेकवला. दाबून टेकवला आणि तोंड माझ्याकडे करून जीभ बाहेर काढली. सगळं बघत होती ती, मी पिल्लांना शिकवत होते तेव्हा. टोचून घेतलं की खायला मिळतं, असं तिला वाटतं.

जाळीतून बाहेर आलेल्या केसांवर मी हात ठेवला. हाडं लागतात. ती बराच वेळ तशीच थांबली, टोचायची वाट बघत.

मग मी रिकामी बादली झडपेतून तिच्यापुढे धरली, आणि तिनं तोंड घालून तळापासून रेघेपर्यंत ती चाटली.

उद्याही तेवढीच भरीन. तू ये एकदा, काम नसताना ये.

ताई